पहिल्या भेटीआधी पाठवायचा मेसेज

सीलिअॅक (गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, असा आजार) असेल तर पहिली डेट बहुतेक वेळा मेन्यू कार्ड उघडताना अवघडते. वेटर ताटकळत उभा, समोरची व्यक्ती बघतेय आणि आपण आजार समजावून सांगतोय.

म्हणून जागा आपणच सुचवायची आणि सुचवतानाच सांगून टाकायचं. माझा मेसेज फोनमध्ये तयार असतो: "मला सीलिअॅक आहे, गहू, बार्ली, राय अजिबात चालत नाही. ही जागा माझ्यासाठी सुरक्षित आहे, इथे भेटूया का? तू हवं ते खा." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यानेच समोरच्याचं दडपण उतरतं.

१. गर्दी नसताना त्या जागी फोन करून विचारा: भांडी आणि तळणाचं तेल वेगळं असतं का?
२. उत्तर गुळमुळीत आलं तर जेवण रद्द, फिरायला जा.
३. चुंबनाचं बोलायला संकोच वाटतो, तरी आधीच बोला. जोडीदाराने ब्रेड खाल्ला असेल किंवा बिअर घेतली असेल (ती बहुधा बार्लीची असते), तर आधी ग्लासभर पाणी प्यायचं. दात घासले तर फारच छान. मनापासून आवडणारं माणूस एवढं आनंदाने करतं, हा माझा अनुभव.

एक मात्र सांभाळा: "एक घास खाऊन बघ" या आग्रहाला भिडेखातर बळी पडू नका. त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते.