गाडीची वही: तारखा, किलोमीटर आणि पंपाच्या पावत्या

आधी आरसी, विम्याची पॉलिसी, पीयूसी आणि लायसन्स समोर घ्या आणि प्रत्येकाची मुदत कधी संपते ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. मोबाइलवर रिमाइंडर लावायचा तो महिनाभर आधीचा, शेवटच्या दिवसाचा नव्हे. सगळ्यात जास्त घोळ विम्यात होतो. सप्टेंबर 2018पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. लांबची तारीख पाहून माणूस निर्धास्त राहतो आणि ठोकर बसल्यावर खर्च खिशातून जातो. म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या ओळींवर लिहा. नुकसानीच्या विम्याची मुदत संपून 90 दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो.

पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्षभर लागत नाही, पुढे बीएस 4 आणि बीएस 6 (धुराच्या प्रदूषणाचे निकष) गाड्यांना दरवर्षी. खाजगी गाडीची आरसी 15 वर्षांची. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. ही ओळ हमखास राहून जाते.

‘पाचशेचं टाका’ म्हणत राहिलात तर अ‍ॅव्हरेज कधीच कळणार नाही. टाकी फुल्ल करा, रीडिंग लिहा. पुढच्या वेळी परत फुल्ल करून लिटर आणि रीडिंग लिहा. 38,240 ते 38,652 म्हणजे 412 किलोमीटर, पेट्रोल 27.5 लिटर, म्हणजे लिटरला जवळपास 15. दोन्ही वेळा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. रुपये गोल करायला वरून आणखी भरलं तर हिशेब तर चुकतोच, शिवाय पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर भिजून खराब होतो. पंधराचं अ‍ॅव्हरेज एकदम बारावर आलं तर आधी टायरची हवा बघा, मग एअर फिल्टर. थोडं चालवून एखादंच चाक जास्त तापत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.

सर्व्हिसच्या पानावर प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि तारीख दोन्ही हवेत. जे आधी येईल ते धरायचं. इंजिन ऑइल बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. नुसतं ‘ऑइल बदललं’ लिहू नका. ग्रेड, लिटर आणि फिल्टर नवा घातला का तेही लिहा. ब्रेक ऑइलला किलोमीटर लागू नाहीत. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. जुनं ऑइल वरंधसारखा घाट उतरताना तापून उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. पाचही टायरचे लिहा, स्टेपनी धरून. बॅटरी बसवल्याचा महिना आणि वॉरंटी कार्डाचा फोटो त्याच पानाला जोडा. पंपाच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा, तो कागद डॅशबोर्डवरच्या उन्हात काही दिवसांत कोरा होतो.