कागद सांभाळून ठेवलेत हो, पण सापडणार कुणाला? या चुका टाळा

नात्यात कुणी ॲडमिट झालं किंवा कुणी गेलं की दोन-चार दिवसांत मला फोन येतो, "अरे तू जरा ये ना, कागद बघायचेत." मी वकील नाही, सीए नाही, एका मावशीचं फॅमिली पेन्शनचं काम करून दिलं तेवढंच निमित्त झालं. पण दहा-बारा घरांची कपाटं उपसून झाल्यावर सांगतो, कागद नाहीत असं घर मला अजून भेटलेलं नाही. असतं सगळं, फक्त ते कुठंय हे एकाच माणसाला माहीत असतं आणि नेमका तोच आयसीयूत असतो.

आमचे काका घ्या. शिस्तीचा माणूस, लाइट बिलंसुद्धा तारखेप्रमाणे लावलेली. रात्री दोनला पॅरालिसिसचा झटका आला. हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं मेडिक्लेम आहे का, काकू म्हणाल्या आहे, पण कंपनी कुठली ते हेच बघायचे. पॉलिसी मेलवर आलेली, मेल काकांच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल ॲम्ब्युलन्समध्येच बंद पडलेला. चार्ज केला, मुलाने बेशुद्ध वडिलांचं बोट लावून बघितलं, तर फोन पिन मागतो. बंद होऊन चालू झाला की बोट चालत नाही, आधी पिनच लागतो, हे त्या रात्री आम्हाला कळलं. मग जन्मतारखा झाल्या, लग्नाची तारीख झाली, जुना स्कूटरचा नंबर झाला, शेवटी फोनच म्हणाला आता थांबा. डिपॉझिट तिघांनी मिळून भरलं. पॉलिसी सापडली दुसऱ्या दिवशी दुपारी, तीही कशी, तर कालनिर्णयच्या पानामागे "मेडि. हप्ता" असं पेन्सिलने लिहिलेलं, त्या तारखेची एन्ट्री पासबुकात शोधली आणि तिथे कंपनीचं नाव मिळालं. बऱ्याच पॉलिसीत इमर्जन्सी असली तरी ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत कळवायचं असतं, आम्ही नशिबाने बसलो त्यात.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. एक फुलस्केप पान, हाताने लिहिलेलं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. त्यावर प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या, मेडिक्लेमचा नंबर नि हेल्पलाइन, कुठल्या बँकेत कुठल्या शाखेत खातं (बँकेचे पासवर्ड अजिबात नाही), लॉकरची किल्ली कुठे, एजंटचा फोन. मोबाइलचा पिन वेगळ्या पाकिटात, पाकीट बंद. आणि हे पान कुठंय ते घरातल्या एकाला आणि घराबाहेरच्या एकाला माहीत, कारण ॲक्सिडेंटमध्ये नवरा-बायको दोघं एकाच गाडीवर असतात.

इथे तरुण मंडळी लगेच म्हणतात, "डिजीलॉकर आहे ना दादा." आहे, चांगलं आहे, आधार, लायसन्स, आरसी दाखवायला मीही तेच वापरतो. पण ते उघडायला ओटीपी नाहीतर पिन लागतो, म्हणजे फिरून त्याच बंद फोनपाशी आलो. आणि पतसंस्थेतल्या एफडीची पावती किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तिथे कोण टाकणार? तसंच ते फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून मोकळं होणं. गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गेलेलं पॅन कार्ड रात्री दोनला काढून दाखवा मला.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे कपाटाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर एका मित्राकडे चिखल काढायला गेलो, तर खालच्या ड्रॉवरमधली फाइल म्हणजे भिजलेल्या पावाचा लगदा. घाईघाईत वहिनींनी खरेदीखत गरम इस्त्रीखाली धरलं, पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. भिजलेला कागद पंख्याखाली सावलीत, एकेक पान सुटं करून वाळवायचा, इस्त्री नाही, ऊन नाही. लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटचीही तीच गत, कोपऱ्यातून पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला वाटच नाही. तसंही मूळ कागद लॅमिनेट करूच नका. खरेदीखताची नक्कल रजिस्ट्रार ऑफिसातून परत मिळाली, पण हेलपाटे किती ते त्यालाच विचारा. मी आता झिपच्या जाड पिशवीत घालतो आणि वरच्या कप्प्यात ठेवतो, पावसाळ्याआधी पिशवी एकदा उघडून बघतो. चोवीस कप्प्यांची महागडी फाइल मागवून एका रविवारात सगळं आवरणारे मला माहीत आहेत. पुढच्या रविवारी त्यातल्या निम्म्या कप्प्यांत मिक्सरचं वॉरंटी कार्ड असतं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. नॉमिनी म्हणून अजून वारलेल्या आईचं नाव. पीएफला लग्नाआधी दिलेलं नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही, परत भरावं लागतं, हे निम्म्यांना माहीतच नसतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसाहक्कानेच ठरते, म्हणून "नॉमिनी केलाय, झालं काम" म्हणू नका. मृत्युपत्र करून ते स्वतःच्याच एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं, हे धडधाकट असताना दुरुस्त करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत आणि दाखल्याच्या प्रती पाच-सहा एकदमच घ्या. शेती असेल तर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांत, नंतर करतात पण तलाठ्याकडे चकरा वाढतात. जुनं विसरलेलं खातं असल्याची शंका असेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल बघा, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी तिथे शोधता येतात.

काका आता काठी घेऊन चालतात. दाराला आतून पान लावलंय, अक्षर काकूंचं. परवा गेलो तेव्हा सहज ते पाकीट उघडून फोनला पिन टाकून बघितला तर चालेना. "अहो तो मागच्याच महिन्यात बदलला मी," काका म्हणाले, "सेफ्टीसाठी."