सेंट्रिफ्युगल ब्लोअरचा आवाज सीएफडीने कमी करताय? या चुका टाळा

ब्लोअरचा आवाज वाढला की लगेच सीएफडीचं (संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित) मॉडेल उघडू नका. आधी आवाज कशाचा आहे ते ओळखा. चालू ब्लोअरचा वीजपुरवठा बंद करा. गुणगुण त्याच क्षणी थांबली, तर ती मोटरमधली विद्युत-चुंबकीय. वेगाबरोबर हळूहळू उतरली, तर कारण हवेत, बेल्टमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. मग स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचा आलेख, घ्या. पात्यांच्या सुराची वारंवारता म्हणजे पात्यांची संख्या गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ६०. १२ पाती आणि १४५० आरपीएम असतील तर २९० हर्ट्झ. तिथे आणि ५८०, ८७० ला टोकदार शिखरं दिसली, तर तो पात्यांचा सूर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्थिर एमआरएफ (फिरत्या संदर्भ चौकटीच्या) गणितावरून या सुराचा अंदाज बांधणं. एमआरएफमध्ये इम्पेलर (पात्यांचं चाक) जागचा हलत नाही. पातं केसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) टंगसमोरून, म्हणजे हवा बाहेर पडते तिथल्या कडेसमोरून, जातच नाही, मग दाबाचा ठोका उमटणार कुठून? दाब आणि कार्यक्षमता काढायला ही पद्धत चांगली, पण सुरासाठी स्लायडिंग मेश (इम्पेलरभोवतीची जाळी खरोखर फिरवणारी पद्धत) आणि ट्रान्झियंट (क्षणाक्षणाचं) गणितच हवं. टाइम स्टेप (गणितातली वेळेची पायरी) इम्पेलर एक अंश फिरेल एवढी, म्हणजे १४५० आरपीएमला साधारण ०.०००११५ सेकंद ठेवा. २९० हर्ट्झच्या एका आवर्तनाला ३० पायऱ्या मिळतात, ८७० ला मात्र दहाच. वरची शिखरं महत्त्वाची असतील तर स्टेप अर्धी करा. सुरुवातीचे काही फेरे टाकून द्या आणि पुढचे निदान दहा नोंदवा. दहा फेऱ्यांत साधारण २.४ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो, एका फेऱ्यात जेमतेम २४. सरसरणारा, पसरट आवाज शोधायचा असेल तर यूआरएएनएस (हवेतल्या खळबळीची सरासरी धरणारी पद्धत) पुरत नाही, एलईएस किंवा डीईएस (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या पद्धती) लागतं.

इनलेटला सरळ पाइप काढून मोकळं होणं हीसुद्धा नेहमीची चूक. प्रत्यक्षात तोंडाशीच एल्बो (वळणाचा पाइप) किंवा अर्धवट मिटलेला डँपर असेल, तर हवा वाकडी आत शिरते आणि प्रत्येक पात्यावरचा भार फेऱ्यात बदलत राहतो. तो एल्बो मॉडेलमध्ये हवाच. ऑपरेटिंग पॉइंटही (चालताना मिळणारा प्रवाह आणि दाब) साइटवर मोजलेला घ्या, कॅटलॉगमधला नको.

टंग आणि इम्पेलरमधली फट साधारण इम्पेलरच्या व्यासाच्या ५ ते १० टक्के असते. ५०० मिमी इम्पेलरला २५ ते ५० मिमी. ती वाढवली की सूर उतरतो, पण हवा फटीतून परत फिरते आणि दाब पडतो. त्यापेक्षा टंगची कड रुंदीभर तिरकी करून बघा, ठोका एकदम न बसता पसरतो. वेग २० टक्के उतरवला तर आवाज सुमारे ५ डेसिबल घटतो, मात्र दाब ३६ टक्के जातो. तेवढी मुभा आहे का, हे आधी तपासा.

सिम्युलेशनमध्ये आवाज उतरला, साइटवर तसाच राहिला, असं झालं तर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) वेग थोडा बदला. शिखर वेगाबरोबर सरकलं नाही, तर बहुधा केसिंगचा पत्रा थरथरतोय. नेहमीच्या सीएफडीत भिंती पूर्ण ताठ धरलेल्या असतात, म्हणून हा आवाज तिथे दिसत नाही. पत्र्याला अँगलचे स्टिफनर लावा आणि पुन्हा मोजा.