पदवीधर मतदारसंघाचा जुना हिशेब मांडताय? या चुका टाळा

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की प्रत्येकाला एक तक्ता हवा असतो. मागच्या वेळी कोण, त्याआधी कोण, किती मतांनी. विधानसभेचे तक्ते करून हात बसलेला माणूस हाही तक्ता त्याच साच्यात बसवायला जातो आणि तिथेच फसतो. मी पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा एका वर्षाला पहिल्या पसंतीची मते लिहिली आणि पुढच्या वर्षाला शेवटच्या फेरीची. बेरीज कुठेच जुळेना. चूक सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून खालच्या गोष्टी आधी तपासतो, मग आकडे भरतो.

पहिली चूक: कुठली जागा हेच नीट न बघणे

महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. घोटाळा होतो तो पदवीधर आणि शिक्षक यांच्यात, कारण विभागांची नावे तीच: मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. ‘नागपूरची जागा महाविकास आघाडीने घेतली’ असे कुणी म्हणाले तर आधी विचारा, कुठली? २०२० मध्ये पदवीधरमधून काँग्रेसचे अभिजित वंजारी आले, २०२३ मध्ये शिक्षकमधून आघाडीच्या पाठिंब्यावर सुधाकर अडबाले. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळी वर्षे. एकाच रकान्यात आले की इतिहास बिघडलाच म्हणून समजा.

आमदारांच्या मतांनी होणाऱ्या निवडणुकीतले किस्सेही या तक्त्यात घुसतात. जून २०२२ मध्ये मते फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तिथे मतदार म्हणजे विधानसभेचे सदस्य. पदवीधरच्या कलाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सातही जागा एकाच दिवशी भरतात असे समजणे

परिषद कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे पदवीधरच्या सात जागा तीन खेपांत येतात. अलीकडची खेप बघा. १ डिसेंबर २०२० ला पुणे, औरंगाबाद, नागपूर. ३० जानेवारी २०२३ ला नाशिक, अमरावती. २६ जून २०२४ ला मुंबई, कोकण. ‘२०२३ मध्ये पदवीधरांनी अमुक पक्षाला नाकारले’ असे राज्यभराचे विधान करायचे असेल तर लक्षात ठेवा, त्या वर्षी सातपैकी दोनच जागांवर मत पडले होते.

सहा वर्षांचा ठोकळाही काटेकोर नसतो. २०२० ची मुदत जुलैतच संपली होती, पण करोनामुळे मतदान डिसेंबरला गेले. मधल्या पोटनिवडणुकाही हमखास सुटतात. नाशिक पदवीधरचे प्रतापदादा सोनवणे २००९ मध्ये धुळ्यातून लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत सुधीर तांबे आले. सहा-सहा वर्षे मागे मोजत गेलात तर हे वर्ष तुमच्या तक्त्यात येणारच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक: मतदार तेच आहेत असे धरणे

विधानसभेची यादी चालू राहते; नावे वाढतात, गळतात, पण पाया तोच. पदवीधरची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी कोऱ्या पाटीवरून सुरू होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. अर्ज पुन्हा भरावा लागतो. पदवीधरांसाठी अर्ज १८, शिक्षकांसाठी १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर आणि त्याच्या किमान तीन वर्षे आधी पदवी मिळालेली असावी लागते. पदवी कुठल्या विद्यापीठाची हे महत्त्वाचे नाही, राहता कुठे हे महत्त्वाचे.

याचा अर्थ असा की निम्मी निवडणूक नोंदणीतच होते. ज्याच्या कार्यकर्त्यांनी, पतसंस्थेने, शिक्षणसंस्थेने, संघटनेने घरोघर जाऊन अर्ज भरून घेतले, त्याच्या ओळखीचे मतदार यादीत जास्त. मग सहा वर्षांनी मते वाढली तर ‘कल बदलला’ म्हणायचे की ‘यादी बदलली’? बहुतेक वेळा दुसरे. माझे मत विचाराल तर उमेदवाराच्या मतांआधी एकूण नोंदणीचा रकाना हवा, आणि तोही जिल्हावार. पुणे पदवीधरमध्ये २०२० ला सव्वाचार लाखांच्या आसपास मतदार होते. हा मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा, म्हणजे विधानसभेच्या ५८ जागांचा. भागून बघा, एका विधानसभा क्षेत्रामागे सरासरी सात-साडेसात हजार नावे. विधानसभेला तिथेच दोन-तीन लाखांच्या पुढे मतदार असतात. एवढ्याशा तुकड्यावरून सबंध क्षेत्राचा अंदाज बांधणे म्हणजे शिताऐवजी वाफेवरून भाताची परीक्षा.

नागपूरचेच उदाहरण घ्या. गंगाधरराव फडणवीस, मग नितीन गडकरी, मग अनिल सोले, अशी भाजपची दशकांची जागा २०२० मध्ये गेली. त्या वेळी सोले यांच्याऐवजी तेव्हाचे महापौर संदीप जोशी उमेदवार होते. या निकालावरून कुणी २०२४ च्या विधानसभेचे भाकीत केले असते तर तोंडघशी पडला असता. नागपूर जिल्ह्यातल्या १२ पैकी ८ जागा भाजपने जिंकल्या.

आकडे जुळत नाहीत? पसंतीक्रम तपासा

इथे मत यंत्रावर नाही, मतपत्रिकेवर असते. चिन्ह नसते. नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम आकड्यांत लिहायचे. वैध मतांना दोनने भागून एक मिळवला की विजयाचा कोटा येतो. कुणालाच पहिल्या फेरीत कोटा गाठता आला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात.

कागदावर करून बघू. समजा वैध मते ९०,०००. कोटा ४५,००१. पहिल्या पसंतीत अ ला ३८,०००, ब ला ३४,०००, क ला ११,००० आणि किरकोळ उमेदवारांना मिळून ७,०००. किरकोळ एकामागून एक बाद झाले. त्यांच्या ७,००० पैकी अ कडे १,५००, ब कडे १,७००, क कडे ८०० गेली. उरलेल्या ३,००० पत्रिकांवर पुढची कामाची पसंतीच नाही, त्या संपल्या. आता क बाद. त्याच्या ११,८०० पैकी अ ला १,९००, ब ला ४,१००, आणि ५,८०० संपल्या. शेवटी अ ४१,४००, ब ३९,८००. दोघेच उरले, अ विजयी, आणि कोटा तर गाठलाच नाही.

आता या एकाच निवडणुकीचा ‘फरक’ किती? पहिल्या पसंतीत ४,०००, अखेरीस १,६००. दोन्ही खरे. कुठला लिहिला हे तक्त्यावर सांगितले नाही तर दोन्ही खोटे. बेरीज ९०,००० ऐवजी ८१,२०० येते म्हणून डोके धरून बसू नका. ८,८०० संपलेल्या मतांचा रकाना तुम्ही ठेवलेला नाही, एवढेच.

याच हिशेबाने ‘बंडखोराने मते खाल्ली’ हे आवडते वाक्यही तपासून घ्यावे. पुणे पदवीधरमध्ये २०१४ ला भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी राष्ट्रवादीचे सारंग पाटील यांना अडीच हजारांहूनही कमी फरकाने हरवले, आणि अरुण लाड तेव्हा राष्ट्रवादीचे बंडखोर होते. २०२० मध्ये तेच लाड अधिकृत उमेदवार म्हणून ४८,८२४ मतांनी निवडून आले. विधानसभा असती तर मतविभागणी म्हणून विषय संपला असता. पण पसंतीक्रमात बंडखोराला १ देणारा अधिकृत उमेदवाराला २ देऊ शकतो. मग मत खाल्ले जात नाही, फक्त उशिरा पोचते. मते खरोखर वाया जातात ती मतदार १ लिहून थांबला तर. म्हणून बंडखोरीचे माप घ्यायचे असेल तर बंडखोराला मिळालेली मते नव्हे, तो बाद झाल्यावर संपलेली आणि तिसऱ्याकडेच गेलेली मते बघा. वरच्या उदाहरणात क हा ब चा बंडखोर धरला, तर क ची ५,८०० संपली. ब च्या माणसाने रडायचे तर त्यांच्यासाठी रडावे.

बाद मते शून्य धरणे

पदवीधर माणूस मत बाद कसा करेल, असे वाटते. करतो, आणि भरपूर करतो. १ चा आकडाच नाही, १ दोघांपुढे लिहिला, बरोबरची खूण केली, ‘एक’ असे अक्षरी लिहिले, केंद्रावर दिलेला जांभळा पेन सोडून खिशातला वापरला, सही ठोकली: पत्रिका बाद. अमरावती पदवीधरला २०२३ मध्ये बाद मतांचा आकडा विजयाच्या फरकापेक्षा मोठा होता. मतमोजणी २ फेब्रुवारीला सुरू झाली आणि काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांचा विजय दुसऱ्या दिवशी जाहीर झाला. तेव्हाचे आमदार रणजित पाटील पडले. टक्केवारी काढताना झालेले मतदान आणि वैध मतदान या दोहोंत हजारोंचे अंतर पडते. कोटा नेहमी वैध मतांवर निघतो, मतदानाची टक्केवारी एकूण मतांवर. एकाच आकड्यावरून दोन्ही काढू नका.

‘अमुक जिल्ह्याने तारले’

कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात, सांगलीने इतकी दिली, कोल्हापूरने तितकी. जिल्हावार मतदान किती झाले ते कळते. कुणाला झाले ते कळत नाही, कारण मोजणीआधी सगळ्या पेट्यांतल्या पत्रिका एकत्र मिसळतात, २५-२५ चे गठ्ठे बांधतात आणि मग ते टेबलांवर वाटतात. एकदा मिसळले की कुठली पत्रिका कुठल्या तालुक्याची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तुमच्या तक्त्यात जिल्हावार उमेदवाराची मते असतील तर तो रकाना कुणाच्या तरी अंदाजाने भरला आहे. खोडून टाका.

पक्षाच्या रकान्यात एकच शब्द लिहिणे

नाशिक २०२३ हा या चुकीचा कळस. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते सुधीर तांबे. त्यांनी अर्जच भरला नाही. मुलगा सत्यजीत तांबे यांनी अपक्ष भरला. समोर शुभांगी पाटील, त्याही अपक्ष, महाविकास आघाडी पुरस्कृत. सत्यजीत ६८,९९९, शुभांगी ३९,५३४. कागदावर अपक्षाने अपक्षाला हरवले. ‘काँग्रेसने राखली’ लिहाल तर चूक, ‘भाजपने मिळवली’ लिहाल तरी चूक. मी अशा जागी तीन रकाने करतो: अर्जावर काय, पाठिंबा कुणाचा, आणि निवडून आल्यावर सभागृहात कुठे बसले.

उलट बाजू कोकणात दिसते. निरंजन डावखरे २०१२ मध्ये राष्ट्रवादीकडून, २०१८ मध्ये भाजपकडून, २०२४ मध्ये पुन्हा भाजपकडून. पक्षाचा रकाना म्हणतो जागा फिरली, नावाचा रकाना म्हणतो काहीच बदलले नाही. अमरावतीत बी. टी. देशमुख तीस वर्षे आमदार होते, तेही पक्षाच्या नव्हे, प्राध्यापकांच्या चळवळीच्या बळावर. त्या तीस वर्षांना आजच्या पक्षांचे रंग देत बसू नये. तो रकाना मोकळाच बरा. आणि २०२२-२३ नंतरच्या नोंदींत नुसते ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ लिहू नका. मुंबई पदवीधर २०२४ मध्ये अनिल परब जिंकले ते उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून, त्याच वेळी नाशिक शिक्षकमधून किशोर दराडे जिंकले ते शिंदे यांच्या शिवसेनेकडून. एका शब्दात दोन्ही कोंबले की पुढचा वाचणारा पक्षाची बेरीज चुकवणार.

नावांचेही तसेच. औरंगाबाद शहर आणि जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगर अहिल्यानगर, उस्मानाबाद धाराशिव. जुन्या निकालपत्रांत जुनी नावे असतात. तक्त्यात वर्षाप्रमाणे वेगवेगळी नावे टाकली की शोधताना एकच मतदारसंघ दोन वाटतात; औरंगाबाद पदवीधरमधल्या सतीश चव्हाण यांच्या २००८, २०१४ आणि २०२० च्या तीन विजयांपैकी एखादा मग हमखास गळतो. एक नाव सगळीकडे ठेवा आणि दुसरे शेऱ्याच्या रकान्यात टाका.