वाक्य संपलं तरी थांबा

"हल्ली ऑफिसला जावंसंच वाटत नाही गं," धाकटी बहीण फोनवर म्हणाली आणि मी लगेच सुरू झाले. रजा टाक, साहेबांशी बोल, दुसरीकडे अर्ज कर. "हं, बघते," म्हणून तिने विषय बदलला. तिच्या तपासणीत काहीतरी निघालं होतं आणि ते ऑफिसात सांगावं की नाही, हे तिला विचारायचं होतं. मला ते चार महिन्यांनी कळलं. आजही जीवाला लागतं.

तेव्हापासून समोरचा थांबला की मी मनात तीनपर्यंत मोजते, मगच तोंड उघडते. करून बघा, फार जड जातं. २००९ साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम ०.२ सेकंद जातात, असं त्यात आढळलं. एवढ्यात वाक्य जुळत नाही. म्हणजे दुसरा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव चाललेली असते. थांबल्याने काय होतं, हे मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांमध्ये तपासलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली.

कामाच्या ठिकाणी मी एक शब्द पकडते. "शुक्रवारपर्यंत होईल बहुतेक," असं टीममधला मुलगा म्हणाला. मी नुसतं "बहुतेक?" म्हटलं आणि थांबले. तो खुर्चीत जरा सावरून बसला. मग म्हणाला, "दुसऱ्या टीमकडून आकडेच आले नाहीत अजून. दोनदा मागितले, तिसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो." शेवटी ते आकडे मीच मागवले.

घरच्या माणसाला सल्ला देण्याआधी विचारा, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" आणि "माझंही अगदी असंच झालं होतं" हे वाक्य गिळा. आपण ते आपुलकीनेच म्हणतो, पण गोष्ट तिथून आपली होऊन बसते.

लक्ष लागत नसेल तर तसं सांगा: "आत्ता डोकं कामात आहे, रात्री नऊला फोन करते." आणि नऊला खरंच करा.

फोनवर मात्र तीन सेकंदांची शांतता म्हणजे लाइन तुटल्यासारखी वाटते. तिथे हळूच "हं, ऐकतेय" म्हणा आणि पुन्हा गप्प राहा.