हाय-रेझ प्लेअर: फर्मवेअर कुठलं ठेवायचं आणि सेटिंग्ज कशा लावायच्या

नवा हाय-रेझ प्लेअर (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइल वाजवणारा) हातात आला की पहिल्या दिवशी बहुतेक सगळे तेच करतात, सगळे मेनू उघडून बघायचे, फिल्टर बदलायचे, ईक्यू (बेस, ट्रेबल कमी-जास्त करणारा इक्वलायझर) चढवायचा, कुणीतरी सांगितलं म्हणून फर्मवेअरसुद्धा (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून टाकायचं, आणि मग रात्री गाणी ऐकायला बसलं की आवाज आधी बरा होता का आता बरा आहे तेच कळत नाही. हे टाळायचं असेल तर क्रम लावून कामं करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे दोन-तीन दिवस नुसतं ऐका.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, फर्मवेअर "आवाज सुधारेल" म्हणून निवडू नका. फर्मवेअर निवडायचं ते प्लेअर अडकू नये, लायब्ररी नीट दिसावी, बॅटरी टिकावी, गाण्यांमधे गॅप पडू नये यासाठी. आवाजात खरा फरक पडतो तो गेन (प्लेअर आवाज किती वाढवून देतो), रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणं) आणि ईक्यू या तीन ठिकाणी, आणि नेमक्या याच तीन गोष्टी लोक घाईत उरकतात.

पायरी १: आपलं मॉडेल नक्की कुठलं ते बघा

सेटिंग्जमधे "अबाउट" किंवा "डिव्हाइस इन्फो" उघडा आणि मॉडेलचं पूर्ण नाव, हार्डवेअर व्हर्जन, सध्याच्या फर्मवेअरचा नंबर हे तिन्ही लिहून ठेवा. एकाच नावाचा प्लेअर दोन वेगळ्या चिप घालून विकला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, मधेच डॅक चिप (डिजिटल फाइलचा ऐकता येणारा आवाज करणारी) मिळेनाशी होते, कंपनी दुसरी बसवते, बाहेरून डबा तोच राहतो. माझ्या एका प्लेअरवर मी पहिल्या आवृत्तीची फाइल दुसऱ्या आवृत्तीवर चढवली होती, नाव एकच होतं म्हणून शंकाच आली नाही, स्क्रीन काळी ती काळीच. नशिबाने त्याला रिकव्हरी मोड होता म्हणून वाचला, पण तेवढ्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून व्हर्जन जुळल्याशिवाय मी फाइल डाउनलोडसुद्धा करत नाही.

पायरी २: कंपनीचं का बाहेरचं

इथे तीन जाती आहेत. एक, कंपनीची स्वतःची साधी सिस्टिम, छोटी, पटकन चालू होणारी, फक्त गाणी वाजवणारी. दुसरी, अँड्रॉइडवाले प्लेअर. तिसरी, बाहेरचं फर्मवेअर, आणि त्यात सगळ्यात जुनं आणि विश्वासाचं नाव म्हणजे रॉकबॉक्स. हे २००१ पासून चालू आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सुरुवात आर्कोस कंपनीच्या ज्यूकबॉक्स प्लेअरसाठी झाली आणि पुढे आयपॉड, सॅनडिस्कचे सान्सा, मग फिओ, एक्सडुओ अशा कंपन्यांच्या काही मॉडेलांपर्यंत पोचलं. "काही मॉडेल" हे शब्द महत्त्वाचे, त्यांच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर विषय संपला, जवळपासच्या मॉडेलची फाइल टाकून बघू असला प्रयोग करू नका.

रॉकबॉक्स कधी घ्यावं? कंपनीने अपडेट देणं बंद केलंय, मोठं कार्ड टाकलं की लायब्ररी अडकते, फ्लॅक, म्हणजे दर्जा न गमावता आवळलेल्या फाइल, चालत नाही (जुन्या आयपॉडचं हेच दुखणं), किंवा तुम्हाला खरोखर चांगला पॅरामेट्रिक ईक्यू (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडून हलवता येणारा) हवाय, तर बिनधास्त घ्या. कधी घेऊ नये? ब्लूटूथवर ऐकत असाल किंवा स्ट्रीमिंग लागत असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. आणि बऱ्याच डिव्हाइसवर त्याचा आउटपुट १६ बिटमधेच (सीडीएवढ्याच बारकाईने) निघतो, म्हणजे २४ बिटची फाइल वाजते पण बाहेर पडते १६ बिट होऊन. कानाला हे कळतं का, तर मला कधी कळलं नाही, कारण १६ बिटमधेच सुमारे ९६ डेसिबलची रेंज मिळते आणि आपली ऐकायची खोली एवढी शांत कधीच नसते. पण हाय-रेझसाठीच पैसे मोजले असतील तर हे माहीत असून निर्णय घ्यावा, नंतर मन खट्टू व्हायला नको. चांगली बाजू अशी की बहुतेक डिव्हाइसवर मूळ फर्मवेअर तसंच राहतं, चालू करताना ठरावीक बटण दाबलं की जुनी सिस्टिम येते, म्हणजे परतीचा रस्ता उघडा असतो.

अँड्रॉइडवाल्यांनी एक तपासून घ्या. अँड्रॉइडचा नेहमीचा ऑडिओ मार्ग सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून एकाच सॅम्पल रेटवर (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला त्या आकड्यावर) आणतो, बहुधा ४८ किलोहर्ट्झ. चांगल्या प्लेअरमधे कंपनीने हा मार्ग टाळलेला असतो, पण सगळ्या ॲपसाठी टाळलाय की फक्त स्वतःच्या ॲपसाठी, ते बघावं लागतं. ९६ किलोहर्ट्झची फाइल लावा आणि वरच्या पट्टीत किंवा नोटिफिकेशनमधे आउटपुट किती दाखवतोय ते बघा, तिथे ४८ दिसलं तर त्या ॲपमधून हाय-रेझ काही मिळत नाहीये.

पायरी ३: फर्मवेअर चढवणं

घाई करायची नाही एवढंच. बॅटरी निम्म्याच्या वर, शक्यतो पूर्ण चार्ज. चेंजलॉग (काय काय बदललं त्याची यादी) वाचा, आणि तुम्हाला सतावणारी एकही गोष्ट त्यात दुरुस्त झालेली नसेल तर अपडेट करूच नका, चालतंय ते चालू द्या. करायचंच असेल तर आताच्या सगळ्या सेटिंग्जचे फोनने फोटो काढा, कारण अपडेटनंतर बऱ्याचदा सगळं मूळपदावर जातं. जुन्या फर्मवेअरची फाइलसुद्धा जपून ठेवा, नवीन बिघडलं तर मागे जायला तीच लागते, पण काही कंपन्या मागे जाऊ देत नाहीत, ते आधी वाचून घ्या.

मग एक छोटं कार्ड घ्या, प्लेअरमधेच फॉरमॅट करा, डाउनलोड केलेली झिप उघडून आतली फाइल कार्डच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा, कुठल्याही फोल्डरमधे नाही, आणि फाइलचं नाव बदलू नका. एकच फाइल दोनदा डाउनलोड झाली की कॉम्प्युटर नावापुढे कंसात एक लावतो, आणि मग प्लेअर "फाइल सापडली नाही" म्हणतो, यात लोकांचे तासन् तास जातात. अपडेट चालू असताना केबल, कार्ड, बटण कशालाच हात लावू नका. झालं की एकदा फॅक्टरी रिसेट मारा, कंटाळवाणं आहे पण जुन्या सेटिंग्जचे अवशेष राहून होणारे विचित्र प्रकार त्याने जातात.

रॉकबॉक्ससाठी रॉकबॉक्स युटिलिटी नावाचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम आहे, बहुतेक डिव्हाइसना तोच सगळं करून देतो.

पायरी ४: कार्ड आणि लायब्ररी

प्लेअर अडकतोय, स्कॅन मधेच थांबतंय, गाणी दिसत नाहीत, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ फर्मवेअरमधे नसतं, कार्डमधे असतं. तुमचा प्लेअर फॅट३२ मागतो का एक्सफॅट चालतं (कार्ड फॉरमॅट करायच्या या दोन पद्धती) ते बघा. रॉकबॉक्ससाठी फॅट३२ करून टाकलेलं बरं, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही पण गाण्यांना तेवढी जागा लागतच नाही. अंदाजासाठी सांगतो, २४ बिट ९६ किलोहर्ट्झचा स्टीरिओ आवाज न दाबता ठेवला तर मिनिटाला साधारण ३५ एमबी होतो आणि सीडीच्या दर्जाचा साधारण साडेदहा, फ्लॅक केला की दोन्ही बरेच आवळतात.

दोन बारीक गोष्टी खूप त्रास देतात. पहिली, मॅकवरून कार्डवर गाणी टाकली की प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते, प्लेअर तिला गाणं समजतो, यादी दुप्पट दिसते आणि अर्धी गाणी वाजतच नाहीत, त्या फाइल उडवून टाका. दुसरी, अल्बमचं कव्हर. तीन हजार पिक्सेलचं चित्र प्रत्येक फाइलमधे घुसवलेलं असेल तर छोट्या प्रोसेसरला ते झेपत नाही, स्क्रोल करताना दम लागतो. ५०० ते ६०० पिक्सेलचं साधं जेपेग पुरे, फक्त प्रोग्रेसिव्ह प्रकारचं नको, ते बरेच प्लेअर दाखवतच नाहीत. देवनागरी टॅग चौकोन-चौकोन दिसत असतील तर आधी फॉन्ट आणि टॅगचं एन्कोडिंग बघा, युनिकोडमधे सेव्ह केले की बऱ्याचदा काम होतं, जोडाक्षरं मात्र काही प्लेअरवर तुटकीच दिसतात.

पायरी ५: गेन

लो गेनपासून सुरुवात करा. इन-इअर असतील तर बहुतेक वेळा लो गेनच पुरतो. त्यात हाय गेन लावला तर मागे बारीक हिस्स ऐकू येतो आणि व्हॉल्यूमची एकच पायरी चढवली तरी आवाज एकदम उडी मारतो. मोठे, जास्त ओहमचे (जास्त विद्युत अडथळ्याचे) हेडफोन असतील आणि लो गेनवर व्हॉल्यूम जवळजवळ टोकाला न्यावा लागत असेल तेव्हाच हाय करा. हाय गेन "जास्त दमदार" वाटतो तो फक्त मोठा असतो म्हणून, आवाज जेमतेम १ डेसिबल मोठा झाला तरी आपल्याला तो जास्त चांगला वाटतो, कान असाच फसतो. म्हणून कुठलीही दोन सेटिंग तुलना करताना आधी आवाजाची पातळी सारखी करा, नाहीतर त्या तुलनेला काही अर्थ नाही.

प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (हाच ओहममधला अडथळा, प्लेअरच्या बाजूचा) माहीत असेल तर तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमच्या इन-इअरला २ ओहमच्या आत. बऱ्याच ड्रायव्हरवाल्या (आत अनेक छोटे स्पीकर असलेल्या) इन-इअरमधे हे गणित चुकलं की टोनच बदलतो आणि माणूस फर्मवेअरला दोष देत बसतो.

मॅक्स व्हॉल्यूम आणि चालू होतानाचा व्हॉल्यूम, दोन्हीला मर्यादा घाला. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, त्याच्या वर गेलं की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. कान दुसरे मिळत नाहीत, ही सेटिंग खरंच लावा.

पायरी ६: रिप्लेगेन

माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग हीच. जुनं रेकॉर्डिंग हळू, नवं किंचाळणारं, आणि शफलवर सारखा व्हॉल्यूमवर हात. रिप्लेगेन प्रत्येक फाइलचा मोठेपणा मोजून तो आकडा टॅगमधे लिहून ठेवतो, मूळ आवाजाला हात लावत नाही, आणि प्लेअर वाजवताना त्याप्रमाणे पातळी वरखाली करतो. त्यासाठी आधी कॉम्प्युटरवर फूबार२००० सारख्या प्रोग्रॅमने सगळी गाणी स्कॅन करावी लागतात, हे न करता प्लेअरमधे नुसतं ऑन केलं तर काहीच घडत नाही, आणि मग लोक म्हणतात चालत नाही.

पूर्ण अल्बम ऐकत असाल तर अल्बम गेन, म्हणजे अल्बममधला हळू तुकडा हळूच राहतो. सगळं मिसळून ऐकत असाल तर ट्रॅक गेन. रॉकबॉक्समधे शफल असेल तेव्हा ट्रॅक आणि नसेल तेव्हा अल्बम अशी तिसरी सोय आहे, मी तीच ठेवतो. क्लिपिंग (पातळी टोकाच्या वर जाऊन आवाज फाटणं) टाळण्याचा पर्याय ऑन. आवाज आधीपेक्षा हळू झाल्यासारखा वाटेल, ते बरोबर आहे, व्हॉल्यूम थोडा वाढवा.

पायरी ७: ईक्यू

तयार प्रीसेट, रॉक, पॉप, जॅझ वगैरे, सोडून द्या, तुमचा हेडफोन कुठला ते त्यांना माहीतच नसतं. तुमच्या हेडफोनचं मोजमाप मिळत असेल तर त्यावरून दोन-तीनच बँड हलवा, आणि वाढवण्यापेक्षा कमी करायला शिका. बेस फुगलाय तर २०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल खाली, "स" आणि "श" टोचतायत तर ६ ते ८ किलोहर्ट्झमधे थोडं खाली. वाढवायचंच असेल तर जेवढं वाढवलं तेवढं प्रीॲम्प किंवा प्रीकट (ईक्यूमधली एकूण पातळीची सेटिंग) खाली घ्या, ६ वाढवलं तर ६ खाली. हे न केल्यामुळे मोठ्या आवाजाच्या ठिकाणी गाणं फाटतं, आणि "या प्लेअरचा बेस फाटतो" अशी बोंब होते.

राहिलेल्या सेटिंग्ज, भराभर

डिजिटल फिल्टर फास्ट रोल-ऑफवर ठेवा आणि विसरून जा, त्यातला फरक बहुतेक २० किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि माणसाचं ऐकणंच तिथे संपतं. गॅपलेस (गाण्यांमधे गॅप न ठेवणं) ऑन. डीएसडी (सुपर ऑडिओ सीडीवाल्या प्रकारच्या) फाइल असतील तर लक्षात घ्या की नेटिव्ह डीएसडीवर ईक्यू सहसा चालत नाही आणि आवाज पीसीएमपेक्षा (फ्लॅकसारख्या नेहमीच्या फाइलचा प्रकार) हळू येतो, प्लेअरमधे डीएसडी गेनची सोय असेल तर ती वापरा, पण व्हॉल्यूम वाढवून ऐकत असाल तर पीसीएमकडे परत येताना जपून, आवाज एकदम मोठा येतो. ब्लूटूथवर एलडॅक (सोनीची ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० केबीपीएस देतो, गर्दीच्या ठिकाणी तुटायला लागला तर ६६० वर आणा, आणि हेडफोनला एलडॅक येत नसेल तर प्लेअरमधे काहीही निवडलं तरी उपयोग नाही. ब्लूटूथ आणि वायफाय लागत नसताना बंद ठेवले की बॅटरीला लगेच फरक पडतो.

सगळं मनासारखं लागलं की सेटिंग्जचे फोटो पुन्हा काढा आणि फर्मवेअरच्या फाइलबरोबर एकाच फोल्डरमधे कॉम्प्युटरवर ठेवा, फोल्डरला मॉडेल आणि व्हर्जनचं नाव द्या, पुढचं अपडेट आलं की आधी तो उघडायचा.