जीपचे बॉडी पॅड बदलायचे असतील तर एका वेळी एकच बाजू उचला भौ

आमच्या काटोलच्या बगीच्यावर आजोबांची सीजे थ्रीबी जीप उभी होती, संत्र्याच्या पेट्या वाहून वाहून म्हातारी झालेली. ती नागपूरला आणली, इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं, तरी खड्ड्यातून गेली की खालून धाडधाड आवाज यायचाच आणि बोनटचा डावा कान अर्धा बोट वर. जो तो म्हणे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदल. बदलले बाप्पा, पैसे गेले, आवाज तिथंच. शेवटी खाली झोपून टॉर्च मारला तर बॉडी आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, यांच्या मधले रबरी पॅड पापडासारखे झाले होते, दोन ठिकाणी तर पॅडच नव्हते, कोणीतरी चपलेचा तुकडा घातला होता.

आधी हे पाहून घ्या की तुमच्या गाडीला हे पॅड असतात का. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीची बॉडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासीच नाही, तिथं हा विषयच येत नाही. जीप, तिच्याच खानदानातल्या महिंद्राच्या गाड्या आणि मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड, यांची चासी वेगळी आणि बॉडी वरून बोल्टांनी कसलेली. मी जीपचंच सांगतो, कारण हात तिच्यातच काळे झाले.

पॅड घ्यायच्या आधी पेचकस घेऊन फ्लोअरच्या खालचे चॅनेल टोचून पहा. पेचकस आत गेला तर पॅड बदलून काही फायदा नाही, आधी डेंटरकडून चॅनेल कापून नवीन वेल्डिंग करून घ्या, नाहीतर नवीन पॅडवर बोल्ट कसला की सडलेला पत्राच खाली बसतो. आणि वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी पूर्ण काढून लांब ठेवा, या जीपमधे टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा खतरनाक, आत वाफ असते.

आता माल. तयार रबरी पॅड मिळतात, पण हातात घेऊन दाबून पहा, नखानं सहज दबत असेल तर राहू द्या, साधारण 60 ते 70 शोरचं (शोर म्हणजे रबराच्या टणकपणाचं माप) रबर पाहिजे. ट्यूबचं रबर फार नरम, ते चेपून बाहेर येतं. जुन्या टायरचा तुकडा बरेच जण घालतात पण रेडियल टायरमधे तार असते, ती गंजते आणि पत्रा खाते. पॉलियुरेथेनवाले टिकतात, पण इतके टणक की सगळा थरथराट सीटपर्यंत येतो. मला सगळ्यात आवडला तो कन्व्हेअर बेल्टचा तुकडा, कापडाचे थर असलेला, 10-12 मिमी जाडीचा, तारेचा अजिबात नाही. आपल्याकडं उमरेड, सावनेरकडं कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळं असा जुना बेल्ट भंगारवाल्यांकडं दिसतो. कापड असल्यानं तो बाजूला पसरत नाही. भोक ड्रिलनं पाडू नका, रबर ओढलं जातं आणि भोक लहान पडतं, लोखंडी पाइपाच्या तुकड्याला धार लावून हातोडीनं ठोका, साबणाचं पाणी लावून. जाडी मात्र जुन्या पॅडच्या न चेपलेल्या भागावरून मोजा. बोल्ट आणि मोठे वायसर नवीनच घ्या, मी इतवारीत लोहा ओळीतून आणले.

काढायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि कुठं किती पॅकिंगच्या पत्र्या होत्या ते तिथंच चासीवर खडूनं लिहून ठेवा. या पत्र्या फालतू वाटतात पण बॉडी सरळ बसावी म्हणूनच त्या घातलेल्या असतात. माझ्या पोट्ट्यानं सगळ्या एका डब्यात टाकल्या, मग दोन दिवस बोनटची फट जुळवत बसलो.

बोल्टांना दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारा. तरी नाही सुटला तर जोर नका लावू, वरचा नट फ्लोअरच्या आत वेल्ड केलेला असला तर तो तुटून गोल फिरत राहतो आणि मग फ्लोअर कापायची पाळी येते, त्यापेक्षा खालून ग्राइंडरनं डोकं उडवा. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात म्हणून तेव्हाही टाकी बाहेरच पाहिजे.

मग बॅटरी काढा, पेट्रोलचा लवचीक पाइप सोडा, स्टिअरिंगचा डॅशखालचा क्लॅम्प ढिला करा, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची केबल, ॲक्सिलरेटरची सळई, वायरिंग, अर्थिंगची पट्टी, सगळं पहा. क्लच-ब्रेकचे पेडल चासीला आणि फ्लोअरमधून वर, गिअरचे दांडेही तसेच, त्यांच्या भोवतीचं रबर आणि पत्रे सोडून ठेवा.

आता खरी गोष्ट. मी पहिल्यांदा शहाणपणा करून सगळे बोल्ट एकदम काढले आणि दोन जॅक लावून पूर्ण बॉडी उचलली, ती अर्धा इंच मागं सरकली आणि एकही भोक जुळेना, चार माणसं बोलावून पहारीनं ढकलावी लागली. म्हणून एक बाजू. चाकांना आधी दगड लावा. उजवी उचलायची तर डाव्या बाजूचे बोल्ट फक्त ढिले करा, काढू नका, म्हणजे ती बाजू बिजागरीसारखं काम करते. जॅक थेट पत्र्याखाली नाही, मधे लांब जाड सागाची फळी ठेवा, नाहीतर फ्लोअरला खड्डा पडेल. इंच-दीड इंच पुरतं. उचलून झालं की मधे लाकडी ठोकळे घाला आणि मगच हात आत घाला, फक्त जॅकच्या भरवशावर बोटं घालायची नाहीत बे.

मोकळ्या झालेल्या जागा तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइड मारा, पूर्ण सुकू द्या. मे महिन्यात आपल्याकडं 45 च्या वर पारा असतो तेव्हा दुपारी पत्र्याला हात लागत नाही, मी पहाटे पाचला सुरू करून नऊला बंद करायचो.

पॅड, पत्र्या, बोल्ट सगळं हातानं बसवा, ग्रीस फक्त बोल्टांना. बॉडी खाली सोडा, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू झाल्याशिवाय कोणताही बोल्ट फायनल कसू नका. कसताना मधून सुरू करून आळीपाळीनं पुढं-मागं जा, रबर किंचित फुगलं की थांबा. ज्या जागी आत लोखंडी बुश (बोल्टाभोवतीची छोटी नळी) आहे तिथं बुश लागेपर्यंत कसायचं. मग बोनटच्या फटी पहा, कान वर असेल तर त्या कोपऱ्यातली पत्री कमी-जास्त करा.

अर्थिंगची पट्टी विसरू नका. नवीन रबर आणि नवीन पेंट मिळून बॉडी चासीपासून तुटते, मग हेडलाइट मिणमिणतात आणि आपण डायनॅमोला शिव्या देत बसतो. पट्टीखालचा पेंट खरवडून पट्टी कसा.

300-400 किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट परत तपासा, रबर बसतं तसे ते ढिले होतात. माझे सहा बोल्ट पाव-पाव चक्कर फिरले, आणि सीटखालच्या एका बोल्टापर्यंत गोटी (सॉकेट पाना) पोचत नव्हती म्हणून टाकी परत काढावी लागली, तेव्हा टाकी बसवायच्या आधी तो बोल्ट नीट कसून घ्या.